चिनी मुलांच्या चुका आपली मुले का पाठ करतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी प्रवेशाचा हंगाम जवळ आला की अप्पा बळवंत चौकात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या पुस्तकांची विचारणा वाढते. पण पुस्तकांपेक्षा जास्त फिरतात त्या पीडीएफ. टेलिग्रामवरून उतरवायच्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्यायच्या आणि हायलायटरने पिवळ्या करायच्या. यातल्या बऱ्याच पीडीएफ मुळात चिनी विद्यार्थ्यांसाठी केलेल्या असतात. समासात चिनी अक्षरे तशीच राहिलेली दिसतात, उदाहरणांत वांग आणि ली भेटतात, शहर म्हटले की शांघाय. ही टिपणे वाईट नसतात, उलट फार मेहनतीने केलेली असतात. मात्र ती दुरुस्त करतात चिनी बोलणाऱ्याच्या चुका, आणि मराठी बोलणारा त्या चुका सहसा करतच नाही. त्याच्या चुका निराळ्या.

चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. काल गेलो, आज जातो, उद्या जाईन, तिन्हीकडे क्रियापद तेच. काळ सांगायला 'काल', 'उद्या' हे शब्द असतात, आणि क्रिया पुरी झाल्याचे दाखवायला 'ल' असा एक तुकडा जोडतात. वस्तूंच्या नावांना अनेकवचनाचे रूप नाही, लिंग नाही, 'अ', 'द' सारखे आर्टिकल नाही. तो, ती आणि ते यांची अक्षरे वेगळी, पण उच्चार एकच: 'ता'. त्यामुळे बऱ्यापैकी तयारी झालेला चिनी विद्यार्थीही बोलण्याच्या भरात आईबद्दल सांगताना 'शी'ऐवजी 'ही' म्हणून जातो (इंग्रजीतला पुल्लिंगी 'ही', आपला 'ही मुलगी'तला नव्हे). म्हणून त्यांच्या सरावात या एका चुकीला बरीच जागा दिलेली असते, आणि ते योग्यच आहे. पण ज्याने जन्मभर तो खांब, ती भिंत, ते दार असा हिशेब ठेवला, त्या कोथरूडच्या मुलाने ही पाने का गिरवावीत?

उच्चारांचेही तसेच. मँडरिनमधले, म्हणजे प्रमाण चिनीतले, अक्षर स्वरावर संपते, नाहीतर न किंवा ङ सारख्या अनुनासिकावर (बीजिंगकडे र सारख्या आवाजावरही). 'ट', 'ड', 'क', 'प' शेवटी येतच नाहीत. मग 'रोड' म्हणताना शेवटचा ड गिळला जातो, नाहीतर त्याच्यामागे एक स्वर चिकटतो. शेवटचा आवाज गेला की त्याच्याबरोबर भूतकाळ आणि अनेकवचनही जाते, म्हणून त्यांच्याकडे या शेवटच्या व्यंजनावर एवढा भर. सिचुआन, हुनानकडच्या अनेकांना न आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत, त्यासाठी आणखी एक धडा. मराठीत शब्दाच्या शेवटी व्यंजन येते, न आणि ल यांची गल्लत नाही. आपली अडचण दुसरीकडे आहे. एक, 'व' हे एकच अक्षर इंग्रजीतल्या दोन आवाजांसाठी वापरतो, त्यामुळे पश्चिम दिशा आणि अंगातली बंडी दोन्ही 'वेस्ट' होतात. दोन, ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसे नाही, म्हणून 'लिव्ह' आणि 'लीव्ह' एक होतात. तिसरी अडचण सगळ्यांत जड: शब्दातला आघात. मराठीत आघात बदलला तरी शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो कुठे द्यायचा याचा विचार करायची आपल्याला सवयच नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर आणि 'फोटॉग्राफर'मध्ये 'टॉ'वर, हे कानाने शिकावे लागते. ट-ड जिभेने वळवून म्हटल्याबद्दल गुण जात नाहीत, कारण परीक्षक बघतो ते समजते की नाही हे. तरीही मुले तिकडेच शक्ती घालवतात.

एक चूक मात्र दोघांची सारखी आहे. चिनीत 'स्वेइरान' आले की पुढे 'दान्श' येते, 'यिनवेइ' आले की 'स्वोयी'. मराठीत जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. दोघेही इंग्रजीत 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट' ठेवतात. इंग्रजीला जोडीतला एकच पुरतो. चिनी टिपणातला हा एवढा धडा मराठी मुलाने जरूर करावा.

आता निबंधाच्या पाठ करायच्या साच्यांबद्दल. आयईएलटीएसमधली लेखनाची चाचणी 60 मिनिटांची, दोन प्रश्न, पहिला किमान 150 शब्द, दुसरा किमान 250, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. दुसऱ्यासाठी चिनी मुलांत एक सुरुवात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: 'विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी'. त्यांच्या शाळेतल्या निबंधात 'समाजाच्या विकासाबरोबर' असे म्हणूनच तोंड फोडायची रीत आहे, तिचे हे शब्दशः इंग्रजी. आपल्याकडे 'विज्ञान : शाप की वरदान' लिहिताना 'आजच्या धावपळीच्या युगात' येते, 'नाण्याला दोन बाजू असतात' येते, तसेच. पुण्यातली मुले आता हे चिनी वाक्यही पाठ करू लागली आहेत, म्हणजे उसन्यावर उसने. 250 शब्दांच्या उत्तरात सुरुवात, जोडवाक्ये आणि शेवट मिळून साच्याचेच 90-100 शब्द झाले, तर स्वतःचे म्हणणे मांडायला दीडशे उरतात. त्यात दोन मुद्दे आणि त्यांची उदाहरणे बसत नाहीत. प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण यांना प्रत्येकी चौथा हिस्सा गुण असतात. साचा पहिल्या हिश्श्यात मारतो, आणि पाठ केलेली भाषा ओळखू आली की तिसऱ्यातही. परीक्षकाने ते वाक्य हजार वेळा वाचलेले असते, तुमच्या लेखी ते नवे असले तरी.

दुसरा उसना प्रकार 'जीजिंग'चा. परीक्षा देऊन आलेली मुले प्रश्न आठवून लिहितात, त्यांच्या याद्या फिरतात आणि 'हे येणारच' म्हणून विकल्या जातात. बोलण्याच्या चाचणीतले विषय साधारण चार महिन्यांनी, म्हणजे जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या सुमारास बदलतात. तेव्हा फेब्रुवारीतली यादी जूनमध्ये झेरॉक्स करून घेणे म्हणजे गेल्या वर्षीच्या कालनिर्णयात यंदाची संकष्टी शोधणे. विषय लागलाच तरी फार उपयोग नाही. बोलण्याची चाचणी 11 ते 14 मिनिटांची असते. मधल्या भागात कार्ड मिळते, एक मिनिट तयारी आणि एक ते दोन मिनिटे सलग बोलणे. पाठ केलेले भाषण इथे घडाघडा येते. लगेच तिसऱ्या भागात परीक्षक त्याच विषयावर उलटसुलट विचारतो आणि मूल 'अं… अं…' वर येते. एकाच तोंडातून दोन प्रकारची इंग्रजी ऐकल्यावर परीक्षकाला वेगळा पुरावा लागत नाही.

चिनी मुले पाठांतरावर गुण काढतात, हा आपल्याकडचा समजही अर्धवट आहे. गाओकाओ या बारावीनंतरच्या परीक्षेत 750 पैकी 150 गुण इंग्रजीचे, पुढे महाविद्यालयात 1987 पासून चालू असलेली सीईटी-4 ही इंग्रजीची परीक्षा. इतकी वर्षे वाचन आणि शब्द घोटल्यावर वाचनात त्यांचे गुण चांगले असतात आणि बोलण्यात घसरतात. त्यांच्याकडे याला नावच आहे, 'याबा यिंगयू', मुकी इंग्रजी. शब्दांचे ओझेही त्यांना आपल्यापेक्षा जास्त. टेलिफोन त्यांच्याकडे 'दियानहुआ', म्हणजे विजेचे बोलणे, आणि कॉम्प्युटर 'दियाननाओ', विजेचा मेंदू. आपल्याकडे टेबल, ऑफिस, हॉस्पिटल घरचेच झालेले. पण घरचे झालेले शब्द दगाही देतात. 'पास आउट झालो' हे परीक्षकाला बेशुद्ध पडलो असे ऐकू येते, आणि 'हॉटेलात जेवलो' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर खोल्या येतात. हा धडा चिनी पीडीएफमध्ये असायचे कारणच नाही.

घेण्यासारख्या त्यांच्या दोन गोष्टी आहेत, आणि नेमक्या त्याच कोणी घेत नाही.

पहिली श्रुतलेखन. ऐकण्याच्या चाचणीतला चौथा भाग घ्यावा, त्यातले फक्त एक मिनिट. आधी पूर्ण ऐकावे. मग वाक्यावाक्याला थांबवून अक्षरन्‌अक्षर लिहावे, एक वाक्य जास्तीत जास्त पाच वेळा ऐकावे, न कळलेल्या जागी रेघ सोडावी. मग छापील मजकूर उघडून लाल पेनाने तपासावे. एका मिनिटाला पाऊण तास लागला तरी चालेल. दिवसाला एवढेच पुरते. समजा, ध्वनिफितीत आहे: 'द लायब्ररीज मूव्ह्ड इट्स जर्नल्स टु द थर्ड फ्लोअर.' चिनी विद्यार्थ्याच्या वहीत बहुधा येते, 'लायब्ररी मूव्ह इट जर्नल टु थर्ड फ्लोअर'. शेवटचे सगळे आवाज गळाले. मराठी विद्यार्थी शेवट ऐकतो, पण 'लायब्ररीज'मधल्या 'ज'चा उलगडा 'इज' असा करतो. तिथे 'हॅज' हवे. चूक कानाची नाही, मराठीची आहे: 'लायब्ररी मोठी आहे' आणि 'लायब्ररीने जर्नल्स हलवली आहेत', दोन्हीकडे आपल्याला 'आहे'च लागते. चिनी वहीच्या उत्तरसूचीत हे कारण कधी सापडणार नाही.

दुसरी 'त्स्वोतीबन', चुकांची वही. चिनी शाळांत ती प्रत्येक विषयाला असते: चुकलेला प्रश्न, चुकीचे कारण, बरोबर उत्तर. मराठी मुलाने त्यात एक रकाना वाढवावा, डोक्यात आलेले मराठी वाक्य. 'आय ऍम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' समोर लिहावे, 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो'. 'टुमॉरो ओन्ली' समोर 'उद्याच'. 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' समोर 'तो कुठे आहे, माहीत नाही'. अनेकवचनाचा एस गळाला तर 'एक दगड, दहा दगड'. पन्नासेक नोंदी झाल्या की दिसते, आपल्या चुका सात-आठच आहेत, त्याच वेश बदलून येतात. नोंद तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी पाहावी. पाहताना इंग्रजीचे रकाने झाकून मराठी वाक्यावरून इंग्रजी म्हणावे. नुसती वाचली तर वही निबंधाच्या साच्यासारखीच निरुपयोगी.

आकड्यांचे वेगळे सांगायला हवे. चिनी मोजतात दहा हजारांच्या 'वान'मध्ये, आपण लाखात. 'वन पॉइंट टू मिलियन' ऐकले की त्यांना 120 वान करावे लागतात, आपल्याला 12 लाख, आणि तेवढ्यात पुढचे वाक्य निसटते. उलट एक त्रास फक्त आपला आहे. मराठीत एकक आधी बोलतो, सत्तावीस; एकोणसाठात तर साठातून एक वजा करतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' आल्यावर केवढा गदारोळ झाला होता! त्या वादात पडायचे नाही, पण 'फिफ्टी नाइन' ऐकून थेट 59 लिहिण्याचा, मध्ये मराठी न आणण्याचा सराव रोज पाच मिनिटे केलाच पाहिजे. कोणाला तरी भराभर आकडे वाचायला सांगावे, बस.

आपल्या शिक्षण पुरवणीत मराठीतून येणाऱ्या इंग्रजी चुकांना आठवड्याला एक चौकट द्यावी, ही विनंती. तोपर्यंत, पुस्तक किंवा पीडीएफ विकत घेण्याआधी उच्चारांचे प्रकरण उघडून पाहावे. पहिला सराव न आणि ल चा, किंवा शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाचा असेल, तर ते परत फळीवर ठेवावे.

आपले,
इंग्रजी व चिनी शिकवणारे दोन शिक्षक, कर्वेनगर, पुणे