‘जीभ घसरली’ हा मथळा आता बंद करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कसबा पेठेत राहते. ३१ वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. आमच्याकडे मुख्यतः कायद्याची पाठ्यपुस्तके छापली जात. त्या कामाची सवय अजून गेलेली नाही. पेपर हातात घेतला की आधी मथळ्यातला प्रत्येक शब्द खरा आहे का ते बघते. एखादा आमदार, खासदार किंवा मंत्री मुसलमानांबद्दल, ख्रिस्ती लोकांबद्दल जाहीर सभेत घाणेरडे काही बोलला, की दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आणि इतरांकडेही ठरलेला मथळा येतो : ‘अमुक यांची जीभ पुन्हा घसरली’. कधी ‘मुक्ताफळे उधळली’, कधी ‘वादग्रस्त वक्तव्य’. माझी कळकळीची विनंती आहे, हे शब्द बंद करा. ते खरे नाहीत.

जीभ घसरते ती घरात, भांडणात, रागाच्या भरात. सभा तशी नसते. चौकाचौकांत आधी फलक लागतात, पोलिसांची परवानगी घेतली जाते, मांडव पडतो, व्यासपीठावर पक्षाचे पदाधिकारी ओळीने बसतात. वक्ता वाक्य टाकतो, टाळ्यांसाठी थांबतो, आणि टाळ्या पडल्या की तेच वाक्य पुन्हा म्हणतो. रात्री त्याच्याच कार्यालयातून त्या वाक्याची रील निघते, मागे संगीत घालून. घसरलेल्या जिभेची रील कोण काढते? तक्रार झालीच, तर ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला’ हे उत्तर तयार असते. शनिवारवाडा माझ्या घरापासून पायी पाच मिनिटांवर आहे. ‘ध’चा ‘मा’ कसा होतो हे आम्हाला लहानपणीच सांगितलेले असते. त्या गोष्टीत अक्षर बदलणारा हात तरी दुसऱ्याचा होता. इथे आवाज त्यांचा, चित्रीकरण त्यांचे, आणि विपर्यास मात्र आमचा!

या शब्दाचा मला इतका त्रास का होतो, ते सांगते. फडके हौदाकडे जाताना एक बागवान हातगाडी लावतात. त्यांच्या वडिलांकडूनही मी पेरू आणि सीताफळे घेतलेली आहेत. गाडीच्या दांडीला त्यांचा क्यूआर कोडचा फलक बांधलेला असे. स्कॅन केले की मोबाइलवर त्यांचे नाव यायचे, मग पैसे जायचे. काही महिन्यांपूर्वी एका लोकप्रतिनिधीने सभेत सांगितले की, फळ घेण्याआधी विकणाऱ्याचे नाव विचारा. त्या आठवड्यात मी गेले तर फलक जागेवर नव्हता. म्हणाले, “काकू, सुट्टे असतील तर रोख द्या ना.” माझ्याकडे सुट्टे नव्हते. त्यांनी पेरूंच्या पाटीखालून एक नवा फलक काढला. स्कॅन केला तर स्क्रीनवर मागच्या दुकानदाराचे नाव आले. माझ्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला असावा. खाली बघून पेरू पिशवीत भरत ते म्हणाले, “लोक स्कॅन करतात, नाव बघतात, आणि फळ ठेवून जातात. भांडत नाहीत, काही बोलत नाहीत. संध्याकाळी शेठ मला रोख देतात.”

दुकानदाराने एवढे केले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण ज्या माणसाच्या वडिलांना सगळी आळी नावाने ओळखत होती, त्याला स्वतःचे नाव पाटीखाली ठेवावे लागले. त्या भाषणाची बातमी तुमच्याकडे आतल्या पानावर होती आणि मथळ्यात ‘वादग्रस्त’ हा शब्द होता. वाद कुठे होता? दोन बाजूंनी कोणी काही मांडले का? एका माणसाने व्यासपीठावरून दुसऱ्याचे पोट मारायला सांगितले आणि लोकांनी ते ऐकले. मराठीत त्याला बहिष्काराचे आवाहन म्हणतात. मथळ्यातही तोच शब्द हवा होता.

यावर कोणी म्हणेल, मग अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे काय? हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण मी पुण्याची आहे. याच शहरात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, तरी ‘सुधारक’ निघत राहिला. याच शहरात २२ मार्च १९७० रोजी हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि आपल्याच समाजाचा रोष ओढवून घेतला. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. धर्माला प्रश्न विचारणे, रूढींवर कठोर टीका करणे, देवाधर्माला नाकारणे, हे सगळे बोलण्याचा हक्क कायम राहिला पाहिजे. कोणाच्या भावना दुखावल्या तरीही. पण या तिघांनी आधी आपल्याच माणसांना प्रश्न विचारले, त्याची किंमत स्वतः मोजली, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही हाताखाली पोलीस खाते नव्हते. फळवाल्याचे नाव विचारायला सांगणाऱ्या नेत्याने कुठला प्रश्न विचारला? कोणत्या धर्मग्रंथाची चिकित्सा केली? त्याला त्या भाषणाची किंमत काय पडली?

म्हणूनच नवा, आणखी कडक कायदा करा अशी माझी मागणी नाही. असे कायदे आधी लेखकाच्या, विद्यार्थ्याच्या, व्यंग्यचित्रकाराच्या गळ्यात पडतात. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, हस्तलिखिते आणि ग्रंथांची नासधूस झाली. त्यानंतर सरकारने बंदी घातली ती जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर. ती उठवण्याचा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला २०१० साल उजाडले. मंत्र्यांच्या बोलण्यावर वेगळी, जादा बंधने घालता येणार नाहीत, असा निकाल घटनापीठाने ३ जानेवारी २०२३ रोजी दिला. संविधानाच्या कलम १९(२) मध्ये जेवढी बंधने आहेत तेवढीच, सगळ्यांना सारखी. मला तो निकाल पटतो. त्याच प्रकरणात न्या. नागरत्ना यांनी वेगळ्या निकालपत्रात राजकीय पक्षांनी आपल्या माणसांसाठी आचारसंहिता करावी असे सुचवले होते. ती कोणी केली, हे पक्षप्रवक्त्यांना एकदा विचारा.

आहे तो कायदा पुरेसा आहे. तो अडतो कुठे, हे मात्र वाचकांना कोणी नीट सांगत नाही. जुन्या दंड संहितेतील १५३ अ (समाजांत वैर पसरवणे) आणि २९५ अ (धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणे) ही कलमे मी मुद्रितांत इतक्यांदा वाचली की ती मला पाठ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे क्रमांक १९६ आणि २९९ झाले. धर्माच्या नावाने समाजासमाजांत वैर पसरवणे हा दखलपात्र गुन्हा आहे. कोणी फिर्याद दिली नाही तरी पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, बोलणाऱ्याचा धर्म पाहू नये, आणि कुचराई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिला. त्यामुळे गुन्हा काही वेळा नोंदवला जातो आणि ‘गुन्हा दाखल’ अशी बातमी येते. आम्हाला वाटते, चला, झाले.

खरे कुलूप पुढे आहे. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ प्रमाणे सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्यांची दखलच घेऊ शकत नाही. ऊठसूट कोणीही कोणाला कोर्टात खेचू नये म्हणून ही चाळणी आहे, आणि लेखकांना तिचा आधार होतो हे मला मान्य आहे. पण बोलणारा सत्ताधारी पक्षाचाच असेल, तर त्याच्यावर खटला चालवायचा की नाही हे त्याच्याच पक्षाचे सरकार ठरवणार. फाइल गृह खात्यात जाते आणि तिथेच राहते. मंजुरी नाकारली असेही कोणी जाहीर करत नाही.

महाराष्ट्रातलेच उदाहरण देते. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरे यांनी धर्माच्या नावाने केलेल्या प्रचारामुळे डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली, ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले आणि ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. एवढ्या मोठ्या नेत्याच्या बाबतीत हे कसे झाले? ती निवडणूक याचिका होती, आणि निवडणूक याचिकेला सरकारची मंजुरी लागत नाही. आठ वर्षे लागली, पण मध्ये कुलूप नव्हते.

सभागृहातल्या बोलण्याला तर संविधानाचेच संरक्षण आहे. २१ सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत एका खासदाराने एका मुस्लिम खासदाराला त्यांच्या धर्मावरून जे शब्द वापरले, ते मी इथे लिहिणार नाही. ते कामकाजातून काढून टाकले गेले. मोबाइलवरून कोण काढणार? माझ्या नातवाने ते मला दाखवले आणि विचारले, “आजी, हे शाळेत बोललो तर?” मी म्हटले, मुख्याध्यापक घरी पाठवतील.

आणि हो, हे मी एकाच बाजूबद्दल लिहीत नाही. हिंदूंना उद्देशून ‘पंधरा मिनिटे पोलीस हटवा’ अशी भाषा केल्याचा आरोप असलेल्या अकबरुद्दीन ओवैसी यांच्या २०१२ च्या भाषणाचा खटला २०२२ मध्ये निर्दोष सुटकेवर संपला, तेव्हाही मला असेच वाईट वाटले होते. ज्याच्यामागे जमाव उभा आहे, त्याचे बोलणे नुसते बोलणे राहत नाही.

आता तुमच्याकडे मागणे. असे भाषण झाले की मथळ्यात ‘घसरली’, ‘मुक्ताफळे’, ‘वादग्रस्त’ नको. शिवी असेल तर ती छापू नका. पण बहिष्कार घालायला सांगितले, मारहाणीची चिथावणी दिली, संपूर्ण समाजाला गुन्हेगार ठरवले, जे केले असेल ते सरळ क्रियापदात लिहा. व्यासपीठावर आणखी कोण बसले होते त्यांची नावे द्या. आणि महिन्यातून एकदा, पाव पान पुरेल, एक तक्ता द्या : कोणी, कुठे, कधी काय बोलले, गुन्हा नोंदवला का, कोणत्या कलमाखाली, मंजुरीसाठी प्रस्ताव कधी गेला, आज तो कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे. माहितीचा अधिकार वापरून यातले बरेच काही मिळू शकते. दर महिन्याला तीच फाइल त्याच टेबलावर दिसली की गृह खात्याला कधीतरी उत्तर द्यावे लागेल.

तुमच्याकडे माणसे कमी आहेत हे मला माहीत आहे. अर्ज लिहिणे, तारखा जुळवणे, कलमांचे आकडे तपासणे हे काम मी करीन. मानधन नको. सकाळी अकरानंतर कधीही येऊ शकते.

आपली नम्र,
एक जुनी वाचक,
कसबा पेठ, पुणे