उद्यमनगरात दुरुस्त होईल तेच मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना खेळातून आरोग्य शिकवणाऱ्या संग्रहालयाचा विषय निघाला की आधी मोठ्या पडद्यांची आणि बाहेरून आणायच्या यंत्रांची यादी होते. प्रदर्शनमांडणीच्या कामातल्या आम्हा मंडळींचं म्हणणं उलट आहे. सकाळी मोडलेली वस्तू उद्यमनगरातून, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतून, दुपारपर्यंत दुरुस्त होऊन येणार नसेल, तर ती कोल्हापुरात मांडूच नये. अशा जागी प्रत्येक वस्तूला दिवसभर मुलांचे हात लागतात. पडदा एकदा बंद पडला की त्यावर ‘दुरुस्ती चालू आहे’ असा कागद चिकटतो आणि शेवटी तो कागदच तेवढा टिकतो.

उदाहरण हृदयाचं घ्या. मोठ्या माणसाचं हृदय विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला सुमारे पाच लिटर. यासाठी दोन टब, ७० मिलिलिटरचा स्टीलचा पेला आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ पुरतं. मुलानं एका टबातलं पाणी दुसऱ्यात नेत राहायचं. ७० खेपा झाल्या तर हृदयाशी बरोबरी. बहुतेकांचा हात निम्म्यातच भरून येतो, आणि हृदय रात्रीही थांबत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. अडचण पाण्याची. ते सांडतंच. म्हणून टबांखाली दोन इंच काठाचा ट्रे, त्याला निचऱ्याची नळी आणि भोवती खरबरीत शहाबादी फरशी. गुळगुळीत टाइल्स अजिबात नकोत. टब रोज संध्याकाळी पालथे घालून कोरडे करावेत. डेंगीच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्याच्या संग्रहालयातच अळ्या सापडायला नकोत!

साखरेच्या विभागात बरणीत खरी साखर ठेवण्याचा मोह होतो. आपल्या पावसाळ्यात तिचे गठ्ठे होतात, मग मुंग्या येतात. त्यापेक्षा तराजू ठेवावा. ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चमचे. वजनं दहापट धरून ३२० ग्रॅमची लाकडी बाटली आणि ४० ग्रॅमचे ठोकळे करावेत. एक ठोकळा म्हणजे एक चमचा. ठोकळा मोठा असल्यानं तान्ह्या भावंडाच्या घशात जायची भीती नाही. मोठ्या माणसानंही वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्यापुरते सहा ठोकळे वेगळ्या रंगाचे असावेत. आणि हो, याच तराजूवर गुळाचा खडाही असावा. आपला गूळ भौगोलिक मानांकनाचा आहे, चवीला तोड नाही, पण शरीराच्या हिशेबात तो बहुतांशी साखरच. कोल्हापुरात हे लिहिणं जड जातं, तरी मुलांना उगाच सूट देऊ नये.

हात धुण्याच्या विभागात जंतूंच्या जागी अतिनील दिव्याखाली चमकणारी पावडर हाताला लावतात, हात धुतात आणि दिव्याखाली धरतात. अंगठ्याचं मूळ, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या हमखास चमकत राहतात. उजेडात काहीच दिसत नाही, म्हणून आतून काळी रंगवलेली पेटी हवी, हात घालायच्या भोकांना कापडी बाह्या हव्यात आणि दिव्याचं तोंड खाली हवं, मुलांच्या डोळ्यांकडे नको. बेसिनची उंची ५०-५५ सेंटिमीटर. साबण चोळायचे २० सेकंद मोजायला इथंही वाळूचं घड्याळच ठेवावं.

तालमींच्या या गावात व्यायामाचा विभाग ट्रेडमिलवर उभा करणं म्हणजे हसं करून घेणं. तांबड्या मातीचा लहानसा हौदा करावा. मातीत तेल, ताक, हळद आणि लिंबू, तालमीत घालतात तसंच. रोज खणली नाही तर ती दगड होते आणि गुडघे सोलवटतात. दहा बैठकांच्या आधी आणि नंतर १५ सेकंद नाडी मोजून चारनं गुणायचं. अगदी लहानग्यांना नाडी सापडत नाही, त्यांनी छातीवर तळवा ठेवावा.

खरा घोळ गर्दीत होतो. साठ मुलांची बस एकदम आत सोडली की प्रत्येक खेळापाशी दोघं खेळतात आणि बाकीचे ढकलाढकली करतात. पंधरांचा गट, प्रत्येक विभागाला दहा-बारा मिनिटं आणि दोन विभागांमागे एक शिकवलेला मदतनीस, एवढं तरी हवंच. आठवड्यातला एक दिवस फक्त दुरुस्तीसाठी बंद ठेवावा. बेअरिंग, नट-बोल्ट बाजारात मिळणाऱ्या मापाचेच असावेत आणि हलणाऱ्या प्रत्येक भागाचा एक जोड कपाटात असावा.

असं संग्रहालय कधी उभं करायचं ठरलं, तर निविदेत एक कलम आवर्जून असावं: प्रत्येक वस्तूची मापांसह रेखाचित्रं संग्रहालयाच्या ताब्यात द्यावीत. मग ठेकेदार कुठलाही असो, मोडलेला दांडा आपल्याच लेथवर पुन्हा कातून घेता येईल.

आपले,
प्रदर्शनमांडणीच्या कामातले काही वाचक, कोल्हापूर