क्रिएटिनिनच्या खाली आणखी एक ओळ छापा

महोदय,

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, जागतिक मूत्रपिंड दिनाला, ठिकठिकाणी शिबिरे भरतात. रक्त घेतले जाते आणि बहुतेकांना 'किडनी चांगली आहे' असे सांगून घरी पाठवले जाते. हा निर्वाळा दिला जातो तो क्रिएटिनिनच्या एका आकड्यावरून. प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे सांगतो, या आकड्यावर एवढी भिस्त ठेवू नये.

क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ. तो तयार होतो स्नायूंमध्ये आणि बाहेर टाकते किडनी. म्हणजे रक्तातला आकडा दोन्हींवर ठरतो. अंगावर मांस नसलेल्या सत्तर वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन १.१ आले आणि पंचवीस वर्षांच्या तरुणाचेही १.१ आले, तर अनेकदा दोघांच्या रिपोर्टवर ना बाण येतो, ना ठळक अक्षर. पण किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज देणारे सीकेडी-ईपीआय नावाचे सूत्र आहे. त्याच्या २०२१ च्या आवृत्तीत वय आणि लिंग धरून हाच आकडा घातला, तर तरुणाची गाळणक्षमता मिनिटाला ९५ मिलिलिटरच्या आसपास निघते आणि बाईंची ५४. साठच्या खालचा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. बाईंच्या हातात मात्र 'नॉर्मल' रिपोर्ट असतो, आणि त्या गुडघ्यासाठी रोजची पेनकिलर घेत राहतात.

गाळणक्षमतेच्या या अंदाजालाच ईजीएफआर म्हणतात. त्यासाठी वेगळे रक्त लागत नाही, वेगळे रसायन लागत नाही. आकडेमोड संगणक करतो. ब्रिटनमध्ये २००६ पासून क्रिएटिनिनसोबत तो आपोआप छापला जातो. आपल्याकडे काही मोठ्या लॅब देतात, तालुक्याच्या ठिकाणी अनेकदा तो नसतोच. काही ठिकाणी तर तो 'किडनी प्रोफाइल'मध्ये घालून वेगळे पैसे लावलेले मी पाहिले आहेत. गुणाकार-भागाकाराचे पैसे! क्रिएटिनिनच्या प्रत्येक रिपोर्टवर ईजीएफआर आणि तो कोणत्या सूत्राने काढला त्याचे नाव, या दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात, एवढीच माझी मागणी आहे. सुरुवात सरकारी रुग्णालयांपासून व्हावी. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणि गोव्यात काणकोणला किडनीचे दुखणे गावांच्या परिचयाचे झाले आहे. तिथे तरी याला उशीर नको.

ईजीएफआर छापला की प्रश्न मिटला, असेही नाही. तो अंदाज आहे आणि त्यात काय काय घुसते हे आम्हा लॅबवाल्यांना माहीत असते. याफे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये क्रिएटिनिनचा पिक्रिक आम्ल या रसायनाशी संयोग झाल्यावर येणाऱ्या ज्या नारिंगी रंगाची नोंद केली, त्याच रंगावरून आजही पुष्कळ ठिकाणी क्रिएटिनिन मोजतात, कारण ते स्वस्त पडते. रक्तातले इतर काही पदार्थही त्या रंगात भर घालतात. एन्झाइमची पद्धत अधिक खात्रीची, पण महाग. आता वर सांगितलेल्या बाईंचे क्रिएटिनिन १.१ ऐवजी १.० मोजले गेले तर ईजीएफआर ६१ येतो, १.२ मोजले गेले तर ४९. दशांश एकने इकडची व्यक्ती तिकडे जाते! आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल, जिमवाल्यांची क्रिएटिनची पावडर चालू असेल, तरी आकडा वर सरकतो. म्हणून एका रिपोर्टवर हाय खाऊ नये, तपासणी पुन्हा करावी. उलट बाजूही आहे. ही सूत्रे मुख्यतः पाश्चात्त्य लोकांच्या नोंदींवर बेतलेली आहेत. आपल्याकडच्या कमी स्नायूंच्या, शाकाहारी माणसाची किडनी ती आहे त्याहून बरी दाखवू शकतात. शंका असेल तिथे सिस्टॅटिन-सी या रक्तातल्या दुसऱ्या पदार्थाची तपासणी करता येते, खर्च जास्त येतो इतकेच.

आणखी एक घोटाळा काउंटरवर होतो. वय विचारले की 'लिहा साठेक' असे उत्तर येते आणि लिहिणाराही साठ लिहून मोकळा होतो. नुसत्या क्रिएटिनिनला त्याने फरक पडत नव्हता, ईजीएफआरला पडतो. मेटफॉर्मिनसारख्या शुगरच्या गोळीचा डोस ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की कमी करतात आणि ३० च्या खाली गोळी बंद करतात. तेव्हा वय जन्मतारखेवरूनच लिहिले गेले पाहिजे. रुग्णांनीही जुने रिपोर्ट फेकू नयेत. पूर्वी ०.७ असलेले क्रिएटिनिन १.१ झाले, तर दोन्ही आकडे 'नॉर्मल'च दिसतात, पण मधल्या काळात बरीच पडझड झालेली असू शकते.

आणि लघवी. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांच्या किडनीला इजा होऊ लागली की अनेकदा आधी लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन जाऊ लागते. त्या वेळी ईजीएफआर अगदी नव्वदीतही असू शकतो. ते मोजणाऱ्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर या तपासणीला सकाळची थोडी लघवी पुरते. तरीही भल्या मोठ्या 'फुल बॉडी' पॅकेजच्या यादीत ही तपासणी कित्येकदा सापडत नाही आणि शिबिरात तर बाटली देणारेही कोणी नसते. ज्यांना शुगर किंवा बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा ती डॉक्टरांकडे मागून घ्यावी, आणि शिबिर भरवणाऱ्यांनी मांडवाशेजारी स्वच्छतागृहाची सोय करावी.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कराड