दुसरा प्रयोग कधी?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांसी

स.न.वि.वि.

साहेब, मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पण वर्षातून महिना-दीड महिना मी संघव्यवस्थापक असतो. युवारंगला जाणाऱ्या पोरांचं जेवण, मेकअपचा डबा, भाड्याने आणलेले घागरे, हरवलेली ओळखपत्रं, 'पोरगी कुठपर्यंत आली' विचारणारे वडिलांचे फोन, हे सगळं माझ्या गळ्यात. तक्रार नाही. वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारं पोरगं स्टेजवर पाय रोवून उभं राहतं, ते बघायला मिळतं म्हणून मी दरवर्षी हे काम मागून घेतो.

युवारंग म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा युवक महोत्सव. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं येतात. आवारात पाच-सहा ठिकाणी एकाच वेळी स्पर्धा चालतात. सभागृहात एकांकिका, मोकळ्या मैदानातल्या मांडवात लोकनृत्य, कुठल्यातरी वर्गात वक्तृत्व, व्हरांड्यात रांगोळी. मागे एकदा आमचा एक मुलगा मूकाभिनयात होता आणि लोकवाद्यवृंदात ढोलालाही. चिठ्ठ्या अशा निघाल्या की दोन्ही क्रमांक पाठोपाठ आले. चेहरा पांढराफक्क रंगवलेला, गळ्यात ढोल, आणि हा गडी धावतोय. वृंदाच्या परीक्षकांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत. ढोल मात्र त्याने फोडला नाही एवढंच, असा वाजवला.

आता समोर बसलेले लोक कोण, ते सांगतो. स्पर्धकच. पुढचा नंबर असलेला संघ पोशाख घालून ओठांतल्या ओठांत संवाद घोकत बसलेला असतो. मागचा संघ निकालाच्या काळजीत. संघव्यवस्थापक डब्यांची मोजदाद करत असतात. गावातला माणूस, दुकानदार, शेतकरी, पोरांचे आईबाप, यांपैकी जवळपास कुणी नाही. तीस मिनिटं झाली की घंटा, पडदा, पुढचा संघ. नऊ पोरांनी दीड महिना संध्याकाळची शेवटची एसटी चुकवून बसवलेलं नाटक तिथे संपतं. नेपथ्याचे पुठ्ठे पिकअपमध्ये टाकायचे आणि रात्रीच परत निघायचं.

जिंकलेल्यांचं तरी काय होतं? विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो राज्यपालांच्या पुढाकाराने २००३ पासून सुरू असलेल्या 'इंद्रधनुष्य' या राज्यातल्या विद्यापीठांच्या महोत्सवाला जातो, शिवाय विभागीय, राष्ट्रीय महोत्सवांनाही. चांगलंच आहे. पण तो प्रवास खान्देशाबाहेरचा. पुण्या-मुंबईत करंडक मिळवलेल्या एकांकिकेचे पुढे प्रयोग लागतात, लोक तिकीट काढून बघतात. आमच्याकडे पहिलं बक्षीस मिळवलेलं नाटक शिंदखेड्याला कुणी बघितलं नाही, तळोद्याला नाही, पारोळ्याला नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलांनी कापूस वेचणाऱ्या बायांवर अहिराणीत एकांकिका केली होती. मुख्य भूमिकेतली मुलगी स्वतः वेचणीला जाणारी. वाकून ओटीत बोंडं टाकायची तिची लकब कुठल्याही दिग्दर्शकाने शिकवलेली नव्हती. तिची आई प्रयोगाला आली नाही. कशी येणार? वेचणीचे दिवस, मजुरी किलोवर, एक दिवस घरी म्हणजे तेवढे पैसे गेले. बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. नंतर ती बाई मला बाजारात भेटली आणि म्हणाली, ''सर, मन्ही पोरनं नाटक माले कव्हय दखाडशात?'' माझ्या पोरीचं नाटक मला कधी दाखवाल? मी म्हणालो, बघू. अजून बघतोच आहे. ती मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, नऊपैकी दोघं पोलीस भरतीत लागले, संहितेची एकच प्रत होती ती कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ साली गेल्या. घरातल्यांनी ऐकता ऐकता गाणी उतरवून घेतली होती, म्हणून १९५२ साली ती छापून आली आणि आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात पोरांचं एकेक नाटक अर्ध्या तासात विरून जातं.

आणि हा प्रदेश कमी बघणाऱ्यांचा नाही हो. श्रावणात आमच्या कानबाई देवीच्या रात्री अख्खं गाव जागतं. वहीगायनाला, म्हणजे आमच्याकडच्या लोकगायनाला, म्हातारे-कोतारे मांडी मोडून बसतात. नंदुरबारकडे सोंगाड्या पार्टी, म्हणजे आदिवासी लोकनाट्याचा संच, आली की रात्र सरते, माणसं उठत नाहीत. तीच कला महोत्सवात आली की दहा मिनिटं आणि दहा जण! सातपुड्यातल्या नाचात गावच्या गाव हातात हात घालून फिरतं. आमची धडगावची पोरं स्टेजवर दहाचं रिंगण करतात तेव्हा ते कसं उघडं पडल्यासारखं दिसतं, ते मी काय सांगू. स्पर्धेला नियम लागतात हे मला कळतं. म्हणूनच स्पर्धेबाहेर जागा मागतोय.

मागणी एकच आहे. राष्ट्रीय सेवा योजना आपल्याच विभागात येते. प्रत्येक महाविद्यालयाचं दत्तक गाव असतं, हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी सात दिवसांचं शिबिर लागतं. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. त्या रात्रीच्या कार्यक्रमात काय असतं हे शिबिरात राहिलेल्या कुणालाही विचारा: दोन रेकॉर्ड डान्स, एक नक्कल, अध्यक्षांचं भाषण. गाव जमलेलं असतं, मारुतीच्या पारासमोर वीज ओढलेली असते, जेवणाची सोय असते. त्या शिबिरांत युवारंगातल्या निवडक एकांकिका, प्रहसनं आणि लोककलेचे संघ फिरू द्या. जिंकलेलेच नकोत, परीक्षकांना न आवडलेलं एखादं नाटकही गावाला आवडेल. खर्च फक्त गाडीचा. तो विद्यार्थी विकास मंडळाने उचलावा, असं एक परिपत्रक काढा. पोरांना त्याचे सह-अभ्यासक्रमाचे श्रेयांक द्या. नव्या शैक्षणिक धोरणात त्याची तरतूद आहेच.

एक अडचण मीच सांगून ठेवतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून हिवाळ्यात निम्मी माणसं मजुरीला गुजरातेत गेलेली असतात. ती होळीला परत येतात. तिकडचा प्रयोग होळीच्या तोंडावर ठेवा. परीक्षांचं कारण पुढे येईल, पण दोन रात्रींनी कुणी नापास होत नाही, हे पंचवीस वर्षं पेपर तपासणारा माणूस सांगतोय.

सांस्कृतिक कार्य विभाग वेगळा म्हणून हे पत्र तिकडे पाठवू नका, एवढी विनंती. तिथे गेलं की ते अनुदानाचा अर्ज पाठवतात आणि पोरं तोवर तिसऱ्या वर्षातून बाहेर पडतात.

यंदाच्या आमच्या एकांकिकेच्या संहितेच्या मी तीन झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. नेपथ्य जिमखान्याच्या खोलीत आहे, चावी माझ्याकडे असते. परिपत्रक आलं तर पहिला प्रयोग आमच्या दत्तक गावात लावतो. वेचणी करणाऱ्या बाया सात वाजता घरी येतात, तेव्हा सुरुवात नऊला.

आपला,
एक संघव्यवस्थापक
जि. धुळे