ऑरेंज बोल स्टेडियमला निरोप

संपादक महोदय,

फुटबॉल विश्वचषकामुळे मायामीचे नाव पुन्हा चर्चेत आले. सामन्यांसाठी निवडलेले हार्ड रॉक स्टेडियम शहराबाहेर उत्तरेला आहे. पण मायामी विद्यापीठाच्या कॉलेज फुटबॉलचे (हातात चेंडू घेऊन पळायचे, अमेरिकन पद्धतीचे) खरे घर होते शहरातल्याच लिटल हवाना भागातले ऑरेंज बोल स्टेडियम. 1937 साली उघडलेले हे मैदान 2008 मध्ये पाडले गेले.

त्याची खासियत त्याच्या रचनेत होती. गॅलऱ्या पोलादी सांगाड्यावर, मैदानाला अगदी खेटून. पश्चिमेचे टोक बंद असल्याने आवाज परत खेळपट्टीवर आदळे, आणि प्रेक्षकांनी पाय आपटले की अख्खा सांगाडा थरथरे. पूर्वेचे टोक उघडे, तिथे ताडाची झाडे. याच मैदानावर 1985 ते 1994 या काळात विद्यापीठाने सलग 58 सामने जिंकले.

पण खारा वारा पोलादाला सोडत नाही. गंज, अरुंद जिने, अपुरी स्वच्छतागृहे. 1970 मध्ये अंथरलेले कृत्रिम गवत तर उन्हाने चपटे होऊन निसरडे झाले. अखेर 1976 मध्ये पुन्हा खरे गवत लावावे लागले. काही बदल आधुनिक म्हणूनच फसतात!

निरोपाचा सामनाही विचित्रच: 10 नोव्हेंबर 2007, व्हर्जिनिया विद्यापीठाविरुद्ध 0-48 असा दारुण पराभव. आज त्या जागी छत असलेले बेसबॉलचे मैदान आहे. तिथे ना ती ताडाची झाडे दिसतात, ना तो थरथराट जाणवतो.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, ठाणे