बांधावरच्या एरंडाचं सिडनीतलं भावंड

सिडनी,
२० सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी पाठवलेल्या फोटोतलं झुडूप कुंदाचं का, असं तू फोनवर विचारलंस. नाही, कुंदाशी त्याचं काहीच नातं नाही. इथे त्याला ‘वेडिंग बुश’ म्हणतात. शास्त्रीय नाव रिसिनोकार्पोस पिनिफोलियस. ते कोणाच्या कुळातलं आहे हे कळल्यावर पहिल्यांदा तूच आठवलीस, कारण त्याचं भावंड आपल्या शेताच्या बांधावर उभं आहे. एरंड!

इथे आता वसंत आहे. शहराच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्क म्हणून मोठं राखीव जंगल आहे, १८७९ साली राखलेलं. ही मूळची धारावल या आदिवासी लोकांची भूमी. क्रोनुलापर्यंत लोकल, तिथून छोट्या फेरीबोटीने बंडीना, आणि मग पायवाट. पायाखाली नुसती पांढरट वाळू. त्या वाळूत कस असा नाहीच, तरी वर बँक्सिया नावाच्या इथल्या झाडांची खरबरीत खोडं, युकॅलिप्टस, आणि त्यांच्या विरळ सावलीत ही पांढरी झुडपं. साधारण पुरुषभर उंच. फुलं इतकी, की पानं शोधावी लागतात.

पण पांढरी फुलं इथे टी-ट्री नावाच्या दुसऱ्या झुडपालाही येतात, तीही याच दिवसांत आणि याच वाळूत. म्हणून नुसत्या रंगावर जायचं नाही, जवळ जाऊन फूल बघायचं. टी-ट्रीच्या फुलात मध्ये पसरट वाटी असते आणि तिच्या काठावर पुंकेसर. याच्या फुलात पुंकेसर एकत्र जुळून मधोमध उभा दांडा होतो, आपल्या जास्वंदीत असतो तसा, फक्त आखूड आणि पिवळसर. पाकळ्या बहुधा पाच, कधी चार, कधी सहा. पान सुईसारखं अरुंद, एक ते चार सेंटीमीटर लांब, आणि त्याच्या कडा खालच्या बाजूला वळलेल्या. पान उलटं करून पाहिलं की ते लगेच दिसतं.

खरी गंमत पुढेच आहे. एकाच झुडपावर नर आणि मादी फुलं वेगळी! घोसात बहुतेक नरफुलं. मधूनच एखादं असं सापडतं, ज्यात दांडा नाही. त्याच्या जागी इवलासा गोल अंडाशय आणि त्यावर लाल धागे, टोकाशी दुभंगलेले. ते लाल धागे बघून मी तिथे वाळूत गुडघे टेकून बसलेच. आपल्या एरंडाच्या तुऱ्यावर वरच्या बाजूला तसेच लाल धागे असतात, आणि खाली पिवळी नरफुलं. एवढं हाताच्या पंज्यासारखं एरंडाचं पान कुठे आणि ही सुई कुठे! पानांवरून कोणी सोयरीक जुळवलीच नसती.

फळही तसंच, काटेरी. वाळलं की तडकून बिया उडतात. बीच्या टोकाला मऊ गाठ असते आणि तिच्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात. एरंडीच्या बीलाही ती गाठ असते, तू सोलताना बघितली असशील. मुंग्यांनी नेलेलं बी वाळूत आपोआप पुरलं जातं.

फांदी तोडून आणता येत नाही, राखीव जंगलात तोडायला बंदी आहे, आणि असावीच. रोपवाटिकेत सहज मिळेल म्हणावं, तर बी रुजवायला भारी हट्टी आहे म्हणतात. म्हणजे बघायचं असेल तर तिथेच जायला हवं. तुम्ही दोघं आलात की सप्टेंबरातच या, बाबांच्या गुडघ्याला झेपेल एवढीच वाट आहे.

तोवर एक काम कर. बांधावरच्या एरंडाला तुरा आला की चिनूला घेऊन जा आणि वरच्या लाल धाग्यांचा अगदी जवळून फोटो काढून पाठवायला सांग. दोन्ही शेजारी ठेवून बघायचे आहेत मला.

बाबांना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझी,
मेघा