भिंती बुजवायच्या आधी लाइटीचं एवढं बघा

प्रिय आई, बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेलं इलेक्ट्रिकचं कोटेशन नीट वाचलं. रक्कम कमी दिसतेय कारण तीन गोष्टी त्यात धरलेल्याच नाहीत, आरसीसीबी (करंट कुठे लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) नाही, अर्थिंग एकच आहे आणि इन्व्हर्टरची वेगळी लाइन नाही, आणि त्याच कागदावर हॉलच्या झुंबराला आणि पीओपीतल्या लाइटींना मात्र भरपूर पैसे ठेवलेत. फोनवर हे सगळं बोलता येत नाही, मयेला घराच्या मागच्या बाजूला गेलात की रेंज जाते, म्हणून लिहूनच पाठवतेय, दोघांनी बसून वाचा.

माझं म्हणणं असं की जे भिंतीत जाणार त्यावर आत्ता खर्च करूया आणि जे भिंतीवर दिसणार ते सावकाश घेऊया. झुंबर दिवाळीला घेतलं तरी चालेल, हुक आहे, पॉइंट आहे, अर्ध्या तासाचं काम. पण चिऱ्याच्या भिंतीला प्लॅस्टर आणि रंग झाल्यावर एक वायर वाढवायची म्हटली तर परत भिंतीत झिऱ्या म्हणजे खाचा मारा, परत प्लॅस्टर, परत रंग, आणि आई तुझ्या स्वयंपाकघरात आठवडाभर धूळ. पाऊस लागायच्या आधी आतलं प्लॅस्टर उरकायचं ठरलंय, म्हणजे जे ठरवायचं ते आत्ताच.

आधी लोड किती ते बघूया, कारण सगळा हिशोब तिथून सुरू होतो. दोन एसी दीड टनाचे म्हणजे प्रत्येकी साधारण 1.6 किलोवॅट, दोन गिझर 2 किलोवॅटचे, विहिरीचा पंप 1 एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, इंडक्शन 2, इस्त्री 1, मिक्सर पाऊण, वॉशिंग मशीन अर्धा, फ्रिज आणि सगळे पंखे-लाइटी मिळून पाऊण ते एक. बेरीज 13 किलोवॅटच्या आसपास जाते. हे सगळं एकाच वेळी कधीच चालणार नाही, अर्ध्याच्या आसपास धरा, पण तरी मी थ्री फेज कनेक्शनच घ्या म्हणेन, एक फेज गेला तरी उरलेल्या दोनवर घराचा काही भाग चालू राहतो. मात्र थ्री फेजची एक भीती आहे ती तुम्हाला माहीत असू दे. आपल्याकडे लाइन खांबावरून येते, माडाचं झावळं पडून न्यूट्रल तुटला की घरात 230 च्या जागी काही पॉइंटना 400 व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतात, आणि मग टीव्ही, फ्रिज, राउटर एका झटक्यात जातात. त्यासाठी डीबीत, म्हणजे सगळे स्विच बसतात त्या मेन पेटीत, ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्शन टाकून घ्या, ते स्वतःहून लाइन तोडतं. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात जो गडगडाट होतो त्यासाठी एसपीडी वेगळं लागतं, ते विजेचा अचानक आलेला झटका (सर्ज) जमिनीत सोडतं, पण न्यूट्रल तुटल्यावर त्याचा उपयोग नाही. दोन्ही पाहिजेत.

आता आरसीसीबी. बाबा, तुम्ही म्हणालात एमसीबी आहे ना मग हे कशाला. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त करंट वाहिला तर पडतो, आणि माणसाच्या छातीतून पन्नासएक मिलीअँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो. म्हणजे तुम्ही ओल्या हाताने विहिरीच्या पंपाचा स्टार्टर धरलात आणि आत लीकेज असलं तर एमसीबीला काही कळणारच नाही. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून बघतो, फरक पडला की सेकंदाचा छोटासा भाग जायच्या आत बंद. जुन्या घरी न्हाणीच्या स्विचला पावसाळ्यात मुंग्या यायच्या ते आठवतंय ना, तिथे ना अर्थ होता ना हे. नव्या घरात तुम्ही दोघंच राहणार, आम्ही भावंडं लांब, त्यामुळे ह्या एका गोष्टीवर मी अजिबात ऐकणार नाही, पैसे कमी पडले तर मी पाठवते.

पण सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी लावू देऊ नका. जूनमध्ये अंगणातल्या तुळशीच्या लाइटीत किंवा गेटच्या दिव्यात पाणी शिरलं की तो पडणार, आणि त्याच्यासोबत फ्रिजसकट अख्खं घर काळोखात, मग कोणीतरी वैतागून तो बायपास करून ठेवणार. मी बऱ्याच ठिकाणी हेच बघितलंय. म्हणून बाहेरच्या लाइटी आणि पंप एका आरसीसीबीवर, न्हाणीघर-गिझर-स्वयंपाकघर दुसऱ्यावर, खोल्या तिसऱ्यावर. प्रत्येक गटाचा न्यूट्रल वेगळा ठेवायला सांगा, न्यूट्रल एकमेकांत जोडले की काही कारण नसताना पडत राहतात आणि दोष मात्र बिचाऱ्या आरसीसीबीला. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, पडला म्हणजे ठीक.

अर्थिंगचं सांगते, कारण आपली जमीन जांभ्याची. पावसात दगड पाणी पितो पण एप्रिल-मेपर्यंत कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या जांभ्यात करंट नीट उतरत नाही. जीआय पाइप किमान अडीच मीटर खाली जायला हवा, दगड लागला म्हणून मीटरभरावर थांबवला असं चालणार नाही, त्यावेळी बाबा तुम्ही स्वतः उभे राहा. भिंतीपासून दीड मीटर तरी लांब, दोन खड्डे वेगवेगळे, कोळसा-मीठ घाला किंवा बेंटोनाइटवालं केमिकल अर्थिंग घ्या, ते थोडं महाग पण ओल धरून ठेवतं. मोरीचं पाणी जाऊन केळीच्या बुडात जिथे कायम ओल असते त्याच बाजूला एक खड्डा घेता येईल. वर झाकण आणि पाणी ओतायला नळी ठेवा, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. झाल्यावर अर्थ टेस्टरने रीडिंग घेऊन कागदावर लिहून मागा, आणि ते उन्हाळ्यातलंच पाहिजे, पावसातलं रीडिंग सगळ्यांचंच चांगलं येतं.

वायरीचं थोडक्यात. लाइटी-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएम, 16 अँपिअरच्या सॉकेटना अडीच, एसी आणि गिझरला चार, मीटरपासून डीबीपर्यंतची मेन दहा. सगळी तांब्याची, आयएसआय मार्कची, एफआर (सहज पेट न घेणारी) किंवा त्याहून वरची. ही वायर कॉन्ट्रॅक्टरकडून न घेता तुम्हीच म्हापशाला जाऊन बिलावर घ्या, सीलबंद 90 मीटरची बंडलं, वायरीवर छापलेलं वाचून. लेबर रेट पॉइंटवर ठरलाय तर "पॉइंट" म्हणजे काय काय ते कागदावर लिहून घ्या, झिरी मारणं, ती बुजवणं, बॉक्स बसवणं, टू-वेचा (एकच दिवा दोन जागांवरून चालू-बंद करायचा) एक पॉइंट धरणार की दोन, भांडणं इथेच होतात.

आई, आता तुझ्याकडे येते. रात्री उठून न्हाणीत जाताना काळोखात चाचपडायला लागू नये म्हणून पलंगाच्या दोन्ही बाजूंना टू-वे स्विच, आणि पलंगापासून न्हाणीच्या दारापर्यंत खाली छोटे फूटलाइट. सॉकेट जमिनीलगत नकोत, कंबरेच्या उंचीला, तुझे गुडघे बघता रोज चार्जर लावायला वाकायला नको. न्हाणीत खाली बसल्यावरही हात पोचेल अशी बेलची दोरी, तिची बेल हॉलमध्ये वाजेल. ही बेल मला कोटेशनमध्ये पहिल्या पानावर बघायची आहे. गिझरचा स्विच दाराबाहेर. तुला चुलीवरच्या भाणातलंच तापलेलं पाणी आवडतं, ते राहू दे पाठीमागे, पण पावसात लाकडं ओली झाली की गिझर लागणारच.

चवथीचा गणपती बसतो त्या खोलीत, त्याच्या वर फळं-पानं बांधायच्या माटोळीचे हुक स्लॅब घालतानाच सोडलेत ते बरं केलं. पंख्याचा पॉइंट तिथून सरकवून दाराच्या बाजूला घ्या, नाहीतर दर वर्षी माटोळी बांधताना पंखा उतरवावा लागेल. गणपतीच्या दोन्ही बाजूंना वरच्या उंचीवर सॉकेट, म्हणजे माळांसाठी एक्स्टेन्शन बोर्डं जमिनीवर लोळणार नाहीत, एवढे लोक, मुलं, ओल्या पायांनी ये-जा असते.

इन्व्हर्टरला फक्त पंखे, लाइटी, राउटर आणि बेल. 150 एएचच्या एका बॅटरीवर चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आणि आठेक एलईडी साधारण सहा तास चालतात, साध्या 75 वॅटच्या पंख्यांवर एवढे चालणार नाहीत, बीएलडीसी तीसएक वॅटच घेतो. बॅटरी झोपायच्या खोलीत नको, मागच्या हवेशीर कोपऱ्यात, आणि पाणी घालताना बाबांना जमिनीपर्यंत वाकायला लागणार नाही अशा चौथऱ्यावर. सोलर आत्ता नको, पण गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवा. पीएम सूर्य घर ह्या सरकारी योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे, हे घराचं संपलं की पुढच्या वर्षी बघू.

पैशांचं, 140 चौरस मीटरला माझा हिशोब 3 लाखांचा, पंखे-दिवे सोडून. वायर आणि पाइप 85,000, स्विच-बोर्ड 50,000, डीबी आणि त्यातलं सगळं प्रोटेक्शन 30,000, दोन अर्थिंग 20,000, मजुरी 75,000, आणि 40,000 हात न लावता बाजूला, कारण काम निघाल्यावर काहीतरी वाढतंच. हे माझे अंदाज आहेत, दुकानात दर विचारून बदला, पण डीबी आणि अर्थिंगचे 50,000 कमी करून दुसरीकडे वळवू नका. पैसे वाचवायचे तर स्विच साधे घ्या, काचेचे टच पॅनल नकोत, ओल्या हाताला ते नीट लागत पण नाहीत. पीओपी फक्त हॉलमध्ये. पैसे टप्प्यांनी द्या, पाइप झाल्यावर, वायर ओढल्यावर, फिटिंग झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावरच, वीज खात्यात कनेक्शनला तो लागतोच.

प्लॅस्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा आणि मला पाठवा, मी खोलीप्रमाणे फोल्डर करून ठेवते, उद्या खिळा मारायचा तरी पाइप कुठून गेलाय ते कळेल. पुढच्या शनिवारी मी येतेय, तोवर झिऱ्या मारायला सुरुवात करू नका असं इलेक्ट्रिशियनला सांगा. आणि आई, तू खडू घेऊन स्वयंपाकघरात एक फेरी मार, मिक्सर कुठे, फ्रिज कुठे, इंडक्शन कुठे ते भिंतीवर लिहून ठेव, बाबांना विचारू नको, तिथे तू उभी राहणार आहेस.

तुमची,
बाय